निळ्या शर्टातला पाहुणा

लांजेवार सर गेल्याचं मला अकरा दिवसांनी कळलं. आमच्या विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वाढदिवसापासून वेळापत्रकापर्यंत सगळं त्यावर येतं. पण सर त्या ग्रुपवर नव्हते. ते गुन्हेशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. एप्रिलमध्ये नेमणूक संपली की त्यांना ग्रुपमधून काढलं जायचं आणि ऑगस्टमध्ये नवा आदेश निघाला की पुन्हा घेतलं जायचं. सर गेले ते मे महिन्याच्या शेवटी, झोपेतच. कागदोपत्री तेव्हा ते कोणाचेच सर नव्हते. मी उमरेडला घरी होते. कळमेश्वरच्या एका मैत्रिणीनं फोनवर बोलता बोलता विचारलं, "तुमचे ते सर वारले ना वं? आमच्याच गल्लीतले होते." मी "हो" म्हटलं... का म्हटलं, सांगता येत नाही. आपल्याला माहीतच नाही, हे सांगायची लाज वाटली असेल.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील पूर्वी हातमागावर बसायचे, आता कोळशाच्या ट्रकवर आहेत. मी एम.ए.ला गुन्हेशास्त्र घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे चोरी कराले शिकवतेत का?" नागपूरला आले तेव्हा मी कोणाशी बोलत नव्हते. सरांना शिक्षकांच्या खोलीत ठरलेली खुर्ची नव्हती, म्हणून ते ग्रंथालयात खिडकीजवळ बसायचे; मीही तिथेच बसायची. असे दोघं महिनाभर समोरासमोर बसलो. मग एक दिवस डबा उघडत सरच म्हणाले, "काहून वं, घरी भांडून आली का? का बोलाले पैसे लागते?" वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. वर्गाबाहेर आले की असे.

पंचनाम्याच्या प्रात्यक्षिकासाठी विभागात एक बाहुला होता, जुन्या चिंध्या भरून शिवलेला. जमिनीवर तो मृत म्हणून पडायचा आणि आम्ही टेप घेऊन अंतरं मोजायचो. मुलं त्याला पाहुणा म्हणायची. त्याचे कपडे उंदरांनी कुरतडले तेव्हा सरांनी घरून स्वतःचा आकाशी शर्ट आणला. बटणं लावता लावता म्हणाले, "हा शर्ट घालून तीन ठिकाणी पोरगी पाह्याले गेलो. तिन्हीकडं एकच विचारलं, पर्मनंट आहे का? आता याले तरी बरा दिसते का पाहू." आम्ही पोट धरून हसलो. मग ते एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आधी त्याला नाव द्या. घरी कोण वाट पाहत असेल ते ठरवा. टेप नंतर." पंचनाम्याच्या नमुन्यात ओळख पटवणाऱ्याचा एक रकाना असतो. मुलं तिथे कुणाचंही नाव ठोकून मोकळी होत. सर तो रकाना सगळ्यात आधी तपासायचे. "ओळखणारं कोणी नसलं, की माणूस बेवारस," म्हणायचे.

माझा लघुप्रबंध त्यांच्यामुळेच झाला. मला कैद्यांवर लिहायचं होतं. सर म्हणाले, "आतल्यांवर सगळेच लिहितात. भेटीसाठी बाहेर ताटकळणाऱ्या बायांवर लिही." पहिल्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी मी इतकी घाबरले की पाय उचलेना. सर समोरच्या चहाच्या टपरीवर तीन तास बसून राहिले. "जा, मी इथंच हावो. काही लागलं तं पाहून घेशीन इकडं." पुढे प्रत्येक प्रकरण त्यांनी दोन-दोनदा वाचलं. पण तासिकेवरच्या शिक्षकाला मार्गदर्शक होता येत नाही, म्हणून पहिल्या पानावर विभागप्रमुखांचं नाव आलं. तो नियमच होता. माझी चूक पुढच्या पानावर आहे. ऋणनिर्देश कसा लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं... सीनियरचा बांधलेला प्रबंध घेतला आणि ते पान जसंच्या तसं उतरवलं. त्यात विभागप्रमुख होते, कायम शिक्षक होते, ग्रंथपाल होते, टायपिंग करून देणारे दादाही होते. लांजेवार सर नव्हते.

बायंडिंग करून आणलेली पहिली प्रत मी त्यांनाच दाखवली. मोठ्या आनंदानं! ते पान त्यांनी सावकाश वाचलं. मग म्हणाले, "टायपिंगवाल्याचं नाव बरोबर लिहिलं. नाहीतर लोक त्याले विसरते." आणि हसून प्रत परत दिली. काय झालं ते मला उमरेडच्या एसटीत बसल्यावर कळलं. फोन काढला, ठेवला. असं फोनवर कसं बोलायचं? ऑगस्टमध्ये सर परत येतील तेव्हा समोर जाऊन माफी मागू, असं ठरवलं.

जूनमध्ये मी कळमेश्वरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आई एकट्याच होत्या. मला पाणी देऊन म्हणाल्या, "कॉलेजची व्हय का तू? कॉलेजातून कोणीच नाही आलं वं." प्रबंध मी सोबत नेला होता. तो काही पिशवीतून बाहेर काढवला नाही.

मागच्या आठवड्यात गुणपत्रिका आणायला विभागात गेले. ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर एका नव्या मॅडमची पर्स होती. सरांच्या तासिका आता त्यांच्याकडे आहेत. वर्गात पंचनामा चालला होता आणि फरशीवर पाहुणा पडलेला, त्याच आकाशी शर्टात. वरचं एक बटण उघडं होतं. मी दारातच थांबले. मॅडमनी विचारलं, "सीनियर ना तू? ये की. ओळख पटवायला कोणीच तयार नाही, सगळ्यांना तपास अधिकारी व्हायचंय." मुलं हसली.

मी खाली बसले, आधी ते बटण लावलं. कागदावर माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. त्याखाली रकाना होता : मृताशी नाते. तिथे लिहिलं, विद्यार्थिनी.

मॅडम वाकून पाहत म्हणाल्या, "अगं, आपल्या केसमध्ये हा मजूर आहे ना?"

"हो मॅडम," मी म्हटलं, "पण हा शर्ट लांजेवार सरांचा आहे."

"कोण लांजेवार सर?"

टेप धरलेली मुलंही थांबून माझ्याकडे बघत होती. मी तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या, सांगायला लागले.