एका चाकावरचं स्थळ

एच. एस. नंजुंडय्या कुणाच्याही घरी गेले की आधी मीटर बघतात, मग माणसं. वीज मंडळाच्या दक्षता पथकात त्यांची हयात गेली. कुणी कुठल्या खांबावर आकडा टाकला, कुणी मीटरच्या काचेत भोक पाडून आत काडी सरकवली, हे हुडकून काढायचा त्यांना पगार मिळत असे. अशा माणसाला निवृत्त करता येतं, निःशंक करता येत नाही. त्यांच्या बहिणीच्या घरात खालच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. बनशंकरीत आलो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारण्याआधी मला विचारलं होतं, "गिझर किती वेळ चालवता?"

बेंगळुरूत संशय घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि नंजुंडय्या त्यातलं काही वाया जाऊ देत नाहीत. कॉफीत चिकोरी किती, हे ते वासावरून सांगतात आणि मग हॉटेलवाल्याचा चेहरा बघतात. गांधी बाजारातली फुलवाली कोपरापासून बोटापर्यंत हात लावून फुलं मोजून देते, तर यांची नजर फुलांवर नसते, तिच्या हातावर असते. हात मागच्या वर्षीएवढाच लांब आहे ना?

या गुणाचा नातलगांना एकच उपयोग होता, पण तो मोठा होता. मुलीचं स्थळ आलं की चौकशीला नंजुंडय्यांना पाठवायचं. एकदा ते राजाजीनगरात एका श्रीमंत घरी जाऊन आले. घरात दोन एसी गारेगार चालू होते आणि मीटर ध्यानाला बसल्यासारखा स्वस्थ होता. मुलाच्या वडिलांनी केशरीभात वाढता वाढता विचारलं, "कसं वाटलं घर?" नंजुंडय्या म्हणाले, "बिल बघायला आवडेल." ते लग्न तिथेच मोडलं.

पण सिंचनाची गोष्ट वेगळी होती. सिंचना ही त्यांची सख्खी भाची. तिचे वडील गेल्यापासून बहीण जयलक्ष्मी भावाला विचारल्याशिवाय घरात पडदासुद्धा बदलत नसे. शिवाय इकडच्या लग्नात मुलीला हाताला धरून मांडवात आणायचा मान सोदरमामाचा, म्हणजे सख्ख्या मामाचा, असतो. त्यानं हात पुढे केला नाही तर मुलगी आतल्या खोलीतच बसून राहणार. तेव्हा नंजुंडय्यांचा होकार म्हणजे नुसतं मत नव्हतं, दाराची कडी होती.

स्थळ जोइसांनी सुचवलं होतं. जोइस म्हणजे गल्लीतल्या गणपतीच्या देवळाजवळ बसणारे ज्योतिषी. मुलाचं नाव सुमुख, रिंग रोडवरच्या एका कंपनीत नोकरी, पत्रिका इतकी जुळत होती की जोइसांनी स्वतःच दोनदा तपासून पाहिली. आषाढ तोंडावर आला होता. एकदा आषाढ लागला की लग्नाची बोलणी बंद, म्हणून मुलाकडच्यांनी त्याआधी शब्द मागितला होता.

नंजुंडय्या चौकशीला निघाले. सुमुखच्या गल्लीतला न्हावी म्हणाला, मुलगा सोन्यासारखा आहे. इस्त्रीवाला म्हणाला, सोन्यासारखा आहे. नंजुंडय्या घरी येऊन बहिणीला म्हणाले, "जया, सगळे एकच शब्द वापरतायत. आपल्या आधी कुणीतरी फिरून गेलंय."

"चांगल्या मुलाला लोक चांगलाच म्हणणार ना, अण्णा?"

"निदान एकानं तरी काहीतरी वाईट सांगायला हवं होतं. अगदी खरं असेल तर एवढं गुळगुळीत नसतं."

शेवटी उभ्यानं इडली खायच्या हॉटेलात त्यांना धागा सापडला. गल्ल्यावरच्या माणसाबरोबर एक कॉफी बाय-टू, म्हणजे दोघांत अर्धी-अर्धी, करून त्यांनी त्याला बोलता केला. तो म्हणाला, "चांगला आहे हो. एका हातानं इडली खातो, दुसऱ्या हातात फोन. फोनकडे बघून हसतो. आणि त्या चाकावरून जातो."

"कसलं चाक?"

"एकच चाक. विजेवर चालतं. दोन पायांच्या मध्ये धरतात. सीट नाही, हँडल नाही, काही नाही. नुसता उभा राहतो आणि जातो."

त्या रात्री नंजुंडय्या नीट जेवले नाहीत. दोन चाकांवरून माणूस पडतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. मग एका चाकावरून हा पडत का नाही? ते चाक रात्री चार्ज कुठे करतो? जिन्यातल्या सामायिक मीटरवर? आणि फोनकडे बघून हसतो, तो कुणाशी? चाकाच्या प्रश्नांवर ते एरवी आठवडा काढू शकले असते, पण घरात मुलगी होती, म्हणून त्यांनी हसण्याचा प्रश्न आधी घेतला. दुसऱ्या दिवशी सुमुख ऑफिसला निघाला की त्याच्या मागे स्कूटर घालायची, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी जयलक्ष्मीनं मला वर बोलावलं. "तुम्ही पण ऐका," ती म्हणाली, "अण्णा फोनवरून सांगणार आहे. माझ्या एकटीच्या डोक्यात राहायचं नाही." टेबलावर कडबोळ्यांची बशी होती, तिच्या शेजारी तिनं फोन स्पीकरवर ठेवला. तिकडे नंजुंडय्यांनी आपला फोन, अर्धं शहर खोचतं तसा, हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खोचला होता. याला ते फोनवर बोलणं मानत नसत. दोन्ही हात हँडलवर आहेत ना, मग झालं.

सिंचना खिडकीशी लॅपटॉप उघडून घरूनच काम करत होती. तिचा फोन तिच्या हातात होता. समोर जे चाललंय त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा तिनं मोठ्या कष्टानं धरला होता.

"दिसला," स्पीकर म्हणाला. मागे हॉर्नांचा गदारोळ होता. "अगरा तळ्यापाशी. सर्कशीतल्यासारखा उभा आहे."

"हेल्मेट आहे का रे?" जयलक्ष्मीनं विचारलं.

"आहे. कोपराला पट्ट्या, गुडघ्याला पट्ट्या. एवढी तयारी कशासाठी?"

"पडला तर लागू नये म्हणून असेल."

"म्हणजे पडणार हे त्याला माहीत आहे." मागे एक बस गुरगुरत गेली. "काढला. फोन काढला. अंगठ्यानं लिहितोय."

खिडकीशी सिंचनाचा फोन टिंग करून वाजला.

मी काही दक्षता पथकात नव्हतो. तरीही कडबोळं तोंडाशी नेता नेता माझा हात थांबला. सिंचनानं काहीतरी लिहून पाठवलं आणि ओठ दाबून हसली.

"हसतोय," स्पीकर म्हणाला. "जया, बाई आहे. मित्राशी बोलताना माणूस असा हसत नाही. आता परत लिहितोय."

टिंग.

जयलक्ष्मीचं लक्ष भावाकडे होतं. तिनं कपाळाला हात लावला. "जोइस तर म्हणाले होते, असा मुलगा शोधून सापडायचा नाही."

"सापडला की. मीच शोधला. आता बघ, डावीकडून बस येतेय, उजवीकडे पाण्याचा टँकर. हा दोघांच्या मधून चाललाय आणि मान खाली. वर बघतच नाहीये. शिव शिव शिव, टँकरला घासूनच गेला."

सिंचनाचं हसू तिथेच विझलं. तिनं फोनकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. उठून आली आणि आपला फोन कडबोळ्यांच्या बशीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. मला तो वाचता आला. 'मीटिंगमध्ये बसलोय. भयंकर कंटाळा. तू बोल काहीतरी.'

"मामा," ती म्हणाली, "आता काय करतोय तो?"

"फोनकडे बघतोय. उत्तराची वाट बघतोय बहुतेक. त्या बाईला पण काही अक्कल—"

तिनं 'समोर बघ' असं लिहिलं आणि पाठवायच्या जागी तिचं बोट थबकलं. 'समोर बघ' वाचायला त्याला खाली बघावं लागणार होतं. फोन केला असता तर कुणाचा आहे ते बघायला त्यानं पुन्हा मान खाली घातली असती. उत्तर दिलं नाही तर उत्तर का येत नाही म्हणून तो बघतच राहणार. तिनं लिहिलेलं पुसून टाकलं.

"आई, तो माझ्याशी बोलतोय."

"कोण?"

"तोच."

"तोच म्हणजे... सुमुख? पण तुमची तर अजून भेटसुद्धा झाली नाही!"

"झालीय. पुष्कळदा. तू नंतर रागाव. मामा, त्याला थांबव!"

"मी?" स्पीकर चक्रावला. "मी मागे आहे हे त्याला कळलं तर चौकशीचं वाटोळं. पंचनाम्याआधी तोंड दाखवायचं नाही, हे आमच्या पथकात पहिल्या दिवशी—"

"मामा, ती बाई मी आहे!"

नंजुंडय्यांचा आवाज आला, हळू, पण कामाला लागलेला. "तू. बरं. आणि तो तुला कुठे आहे म्हणून सांगतोय?"

"मीटिंगमध्ये बसलोय म्हणून."

"बसलेला तर मुळीच नाही. उभा आहे."

मग लांबलचक हॉर्न ऐकू आला. पुन्हा एक. "ऐकत नाही. कानात बोंडं घातलीयत. जया, टँकर वळतोय आणि हा सरळ चाललाय. ए! ए तम्मा, ए पोरा!" स्कूटरचं इंजिन बोंबललं. कुठलातरी ब्रेक किंचाळला. काहीतरी पोकळ वस्तू रस्त्यावरून घरंगळत गेली. कुणीतरी कन्नड, तमिळ आणि हिंदी, अशा ओळीनं शिव्या दिल्या.

जयलक्ष्मीनं माझं मनगट धरलं होतं. सिंचना दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होती.

"ओ सार!" एक तरुण, संतापलेला आवाज आला. "दिसत नाही का? मधेच आडवी गाडी घालता?"

"मला दिसतं. तुला दिसत नाही. तो बघ कोण गेला तुझ्या जागेवरून."

टँकर जाताना फोन भरून घरघरला. मग दुसराच आवाज आला, लांबून. "कुणाचं आहे रे हे चाक? शहाळ्यांत घुसलंय! एकटंच आलंय!"

"सुमुख," सिंचना म्हणाली.

"सिंचू?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं असावं. "सार... तुमच्या हेल्मेटमधून सिंचना कशी बोलतेय?"

"मीटिंग संपली?" सिंचनानं विचारलं. तिकडे ते हेल्मेटनं विचारलं असावं.

"सिंचू, ऐक ना. मी सांगणारच होतो."

"कधी? प्लास्टर घातल्यावर?"

"अगं, रोजचा रस्ता आहे. चाकाचा तोल आपोआप..."

"कालही मीटिंग होती. परवा तू दातांच्या डॉक्टरकडे बसला होतास. तेव्हा कुठे होतास, सिल्क बोर्डच्या चौकात?"

त्यानं मोर्चा नंजुंडय्यांकडे वळवला. "पण सार, तुम्ही पण फोनवरच होता की!"

"माझे दोन्ही हात हँडलवर होते."

"आणि लक्ष?"

दुसऱ्यांच्या मीटरची काच पुसण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मीटरवर कुणी पहिल्यांदाच बॅटरी मारली होती. "मामा, तूही उतर," सिंचना म्हणाली. "दोघंही फूटपाथवर या." आणि तिनं टेबलावरचा फोन बंद केला.

मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. शहाळेवाल्यानं चाक अडवून ठेवलं आणि फुटलेली शहाळी दोघांना जबरदस्तीनं प्यायला लावली. नंजुंडय्यांनी ते चाक कुठे चार्ज करतोस ते विचारून घेतलं. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मीटरवर. ते बघायला ते नंतर जाऊन आले.

घरी मात्र जयलक्ष्मीच्या डोक्यात दुसराच प्रकाश पडत होता. "जोइसांकडे त्याची पत्रिका दिली कुणी?"

"मी," सिंचना म्हणाली.

"म्हणजे मी देवळात जाऊन नारळ ठेवला, जोइसांचे पाय धरले..."

"तो नारळ लागू पडला, असंच समज ना."

आईचा राग दोन दिवसांत निवला, कारण मुलगा जातीचा, नोकरीचा आणि पत्रिकेचा होता, आणि तो आपणच शोधला असं नातलगांना सांगता येत होतं. शब्द द्यायला ती तयार झाली. नंजुंडय्याही, नाइलाजानं, तयार होते. सुमुखबद्दल त्यांना अखेर काहीतरी वाईट कळलं होतं आणि त्यामुळे त्यांच्या जिवाला स्वस्थता आली होती.

तयार नव्हती ती सिंचना. "आषाढ जाऊ दे," ती म्हणाली.

आषाढाची सबब इतकी सोवळी होती की मुलाकडच्यांना काही बोलता येईना. तो महिना सुमुखनं परीक्षेसारखा काढला. चाकावर असताना फोन पाठीवरच्या पिशवीत, ऑफिसात पोचून खुर्चीवर बसल्यावरच पहिला संदेश. तो आला की सिंचना विचारायची, "खुर्चीचा रंग?" सकाळी कधीमधी नंजुंडय्या शहाळ्याच्या गाडीशी उभे असत आणि सुमुख गेला की, स्कूटर स्टँडवर लावून, खाली उतरून भाचीला फोन करत. "फोन दिसला नाही. मान वर."

"वळताना?"

"वळताना पण."

"आणि तुला बघून मान वर केली असेल तर?"

मामांना हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते गाडीच्या मागे उभे राहू लागले. आपल्या विद्येला घरात वारस मिळाला, असं त्यांनी मला माझ्या मीटरकडे न बघता सांगितलं. त्यांच्या बाबतीत असं क्वचित होतं.

इकडे श्रावणात लग्नं लागतात. जयनगरातल्या एका कल्याणमंडपात मुहूर्त होता. नंजुंडय्यांनी भाचीला हाताला धरून मांडवात आणली, आणि आणता आणता मंडपाच्या वीजजोडणीकडे एकदा पाहून घेतलं. अंतरपाट दूर झाला. नवरा-नवरीनं मुठीतलं जिरं-गूळ एकमेकांच्या डोक्यावर ठेवलं आणि आम्ही अक्षता टाकल्या. तेवढ्यात सुमुखची मान खाली गेली आणि डावा हात कमरेकडे वळला.

नंजुंडय्या टाचा उंचावून पुढे वाकले. सुटत चाललेला धोतराचा काष्टा तो सावरत होता. त्यांनी खात्री करून घेतली आणि मागे झाले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सिंचनाही, डोक्यावरचं जिरं-गूळ गळत असताना, तिकडेच बघत होती.