बोंबलाच्या दोरीवरचा मोतीराम

वरोरचा मोतीराम कुणाच्या नजरेला नजर देत नसे आणि आईच्या जुन्या लुगड्याचाच मऊ सदरा अंगात घाली. गावाला तेवढं पुरलं. याला बाईमाणसाची ओढ नाही, असा निकाल लागला. म्हणून तर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी त्याला बिनघोर आपल्यात घेतलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. दोरीच्या अलीकडे मोतीराम, पलीकडे मैना, असे कितीतरी हंगाम गेले.

साठ साली दोघांचं लग्न ठरलं, तेव्हा बायका खवळल्या.

"मेल्या, आम्हाला वाटलं, तुला बायको नकोच!" त्यांच्यातली चंद्रावती ओरडली.

मोतीराम दोरीकडेच बघत होता. "तुम्ही कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "मैनाने विचारलं."