ताटातलं शिकागो

अमेरिकेला एकदाही न जाता अमेरिकेची इतकी काळजी वाहणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज जगात दुसरा नसेल. तिथलं कोणतं शहर मोक्याच्या जागी वसलंय, कोणतं उगाच वसलंय आणि कोणाला चार मैल सरकून बसायला काय झालं होतं, याचा निवाडा ते इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या आपल्या घरात बसून करत. हाडांचे डॉक्टर म्हणून तिथल्या हॉस्पिटलात त्यांनी जन्म काढला. प्लास्टर वाळेपर्यंत पेशंटला हलता येत नसे, तेवढ्यात पिट्सबर्गच्या तिन्ही नद्यांशी त्याची ओळख होऊन जाई. फीनिक्सचं नाव निघालं की मात्र मामांचा चेहरा वाकडं जुळलेलं हाड पाहिल्यासारखा होई. वाळवंटात एवढं शहर वसवायला परवानगी दिली कोणी, असं ते मलाच विचारत, आणि माझा स्वभाव असा की मी मनातल्या मनात दिलगीर होत असे.

त्यांना नकाशा लागत नसे, ताट पुरे. रीतसर वाढलेलं आपलं ताट म्हणजे अमेरिकाच, हे त्यांचं ठाम मत. डावीकडची चटणी-कोशिंबीर म्हणजे पॅसिफिकचा किनारा, उजवीकडची बटाट्याची भाजी म्हणजे न्यूयॉर्क, मधल्या भातावरून खाली उतरणारी आमटी ही मिसिसिपी, ती ताटाच्या काठाला टेकते तिथे न्यू ऑर्लिन्स, आणि वर मिठाशेजारी लिंबाची फोड, ते शिकागो. सगळ्यांत मोक्याचं शहर तेच, म्हणून मामा लिंबू कधी पिळत नसत. पिळलं तर मग देशात उरलं काय, हा त्यांचा सवाल. एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नुकत्याच भारतातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी घाईघाईत भाजी डावीकडे वाढली. मामांनी हात मागे घेतला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्ही न्यूयॉर्क पॅसिफिकला नेलंत." बाईंना वाटलं, यांना काहीतरी होतंय. त्या पाणी आणायला धावल्या.

मामी गेल्या आणि मामा त्या घरात एकटे राहिले. गेल्या हिवाळ्यात ते जिन्यावरून घसरले. स्वतःचा पाय स्वतःच तपासून, मोडलेला नाही असा निर्वाळा देऊन, उठता येईना म्हणून सकाळभर तिथेच बसून राहिले. तेव्हापासून बायकोचं जेवणात लक्ष लागेना. लहानपणी आई आजारी असताना मामांनीच तिला वाढवलेलं. आमच्याकडे लंडनला, वेम्बलीला राहायला या, असं ती रोज फोनवर विनवायची आणि ते रोज एकच विचारायचे, की वेम्बलीला नदी कुठाय. ब्रेंट आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं. "तो ओढा आहे," मामा म्हणाले.

शेवटी मी लबाडी केली. फोन हातात घेऊन त्यांना म्हटलं, मामा, जरा जागेचा विचार करा. जुबिली आणि मेट्रोपॉलिटन या रेल्वेच्या दोन्ही लाइन वेम्बली पार्कला भेटतात, ईलिंग रोडवर अख्ख्या हिंदुस्थानातला माल उतरतो, म्हणजे हे इथलं शिकागोच झालं. मग पुढच्या रविवारी न्यायला ये, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. बायको रडली, हसली, आणि मला इतकं हायसं वाटलं की रविवारी त्यांना आणायला गाडी चालवताना सगळा मोटरवे मी स्वतःला दोष देत होतो. भोळ्या माणसाला त्याच्याच लाडक्या शहराचं आमिष दाखवून घराबाहेर काढलं होतं मी.

दुपारी वेम्बलीला आमच्या घरी जेवायला बसलो. बायको इतकी गडबडली होती की तिने भाजी डावीकडे वाढली. मामांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डावीकडच्याच भाजीचा घास घेतला. मग माझ्याकडे वळले.

"जावईबापू, वेम्बली म्हणजे शिकागो नव्हे. तेवढं कळतं मला."

मी उगाच त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं.

"पण शिकागो तरी मोक्याचं कशामुळे झालं? तिथे पाणी संपायचं. लोकांना होडीतून उतरून, होडी खांद्यावर घेऊन पलीकडच्या नदीपर्यंत चालावं लागायचं. दमलेला माणूस ओझं खाली ठेवतो ना, तिथे गाव होतं." भिंतीशी त्यांच्या दोन बॅगा होत्या, एकीवर मामींची शाल. तिकडे पाहत ते म्हणाले, "जिना चढवत नव्हता रे. घर सोडायला एखादं कारण तेवढं हवं होतं. बरं झालं, तू दिलंस."

मग त्यांनी लिंबाची फोड उचलली आणि आमटीभातावर सावकाश पिळली. बायकोने आणखी आमटी वाढली. ती भातावरून कुठल्या दिशेला गेली, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.