ऑडिटच्या दिवसाचं पाळणाघर

त्या भिंतीवरचा ससा मी पसंत केला होता. पेंटरनं आधी सिंह काढायला घेतला होता. मी म्हटलं, "अहो, लेकरं भितील. ससा काढा."

"मावशी, एका दिवसापुरतं तर आहे," तो म्हणाला.

"मग एका दिवसापुरता ससा काढा."

त्यानं मुकाट्यानं सिंहाची आयाळ पुसली आणि लांब कान काढले. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्या एवढ्या मोठ्या कंपनीत माझ्या मनासारखी झालेली ती एकच गोष्ट.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पन्नाशीला टेकले होते. आता गुडघ्यांनी सत्याग्रह पुकारलाय, त्यामुळे ती बाई मला तरुणच वाटते. दर पंधरा दिवसांनी केसांना कलप, पदराला दोन-दोन पिना आणि तोंड असं, की लाइनवरच्या पोरी म्हणायच्या, "मावशींना पुढं घाला, साहेब आपोआप मागं सरकतो." हे ऐकून ती बाई फुगायची. फुगली की तिला पुढचं दिसायचं नाही.

चाकणच्या त्या कंपनीत आम्ही बायका गाडीच्या वायरी बांधायचो. गाडी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी तिच्या पोटात वायरींची एक लांब वेणी असते. ती वेणी आम्ही घालायचो. समोर उभा फळा, फळ्यावर खुंट्या, त्यांच्यावरून वायरी ओढायच्या आणि टेप गुंडाळत जायचं. दिवसभर उभ्यानं. रहाटणीहून सकाळी कंपनीची बस पकडायची ते दिवेलागणीनंतरच घरी परतायचं.

आमचा माल एका मोठ्या कंपनीला जायचा, तिथून गाडीच्या कंपनीला. आता त्या वरच्या कंपन्यांचा एक नियम असतो. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्यानं आपल्या कामगारांना नीट वागवलं पाहिजे. लहान मुलं कामाला नकोत, जबरदस्तीचा ओव्हरटाइम नको, प्यायला पाणी, संडास स्वच्छ, बायकांच्या मुलांना पाळणाघर. नियम चांगलाच आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. तो पाळला जातो का ते बघायला त्यांचा माणूस यायचा. त्याला आम्ही नुसतं 'ऑडिट' म्हणायचो. उद्या ऑडिट येणार, ऑडिट जेवायला थांबणार, ऑडिट शाकाहारी आहे.

ऑडिट यायच्या आठवड्यात कंपनीत लग्नघर व्हायचं. संडासात साबण यायचा. पाण्याच्या टाकीवर झाकण यायचं. एरवी रिकाम्या खोक्यांनी अडलेला मागचा दरवाजा उघडायचा आणि तिकडून वारा यायला लागला की आम्हाला कळायचं, पाहुणे जवळ आले. मग एचआरचे साहेब लाइनवर येऊन उत्तरं पाठ करून घ्यायचे. साहेब म्हणजे माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा, पण शर्ट खोचलेला, म्हणून साहेब.

"ओव्हरटाइम कसा करता?"

"मर्जीनं करतो, सर," आम्ही शाळेतल्यासारख्या एका सुरात.

एकदा माझ्या शेजारच्या फळ्यावरची पोरगी हळूच म्हणाली, "सर, कोणाच्या मर्जीनं ते बी सांगायचं का?" सगळी लाइन हसली. साहेबही हसले. वाईट नव्हते ते, हेच तर अवघड होतं.

ही पोरगी परभणीकडची. नवरा म्हाळुंग्यात दुसऱ्या एका कंपनीत, हिच्याच वेळेच्या शिफ्टला. दोघं तिथंच एका खोलीत राहायची. दीड वर्षाची लेक होती, ती घरमालकिणीकडं ठेवून ही कामाला यायची. मालकीण त्याचे वेगळे पैसे घ्यायची. एक दिवस डबा खाताना पोरगी म्हणाली, "मावशी, लेकरू लई झोपायलंय."

"बरंय की. तुला कामं उरकता येतात."

"घरी गेले तरी झोपलेलंच. उचललं तरी मान टाकतंय. मी वास घेतला तोंडाचा. सर्दीच्या औषधाचा वास येतो."

मी डबा बाजूला सारला. "मालकीण पाजते?"

"मी इचारलं. ती म्हणाली, तुह्या पोरीला सर्दी असते तर काय करू? मावशी, तिला सर्दी नाही. तिला शिंक बी येत नाही." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "दुसरं कोण ठेवून घेईल हिथं? सगळ्या बाया कंपनीतच हायत."

त्याच महिन्यात ऑडिट येणार होतं, आणि या खेपेला ऑडिट पाळणाघर बघणार होतं. साहेबांची धावपळ उडाली. कनेक्टरच्या खोक्यांची खोली रिकामी केली, धुतली, गुलाबी रंग दिला. पाळणा आला, चटई आली, लाकडी घोडा आला. त्यांच्या त्या धांदलीत मी सिंहाचा ससा करून घेतला. सगळं आलं, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मुलं नाहीत.

साहेब लाइनवर आले. "ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी परवा घेऊन या. बसमधून आणा. खाऊ कंपनीचा." आणि माझ्याकडं वळून, "मावशी, तुम्ही पाळणाघराच्या बाई व्हा एक दिवस. तुम्हाला बोलता येतं."

तुम्हाला बोलता येतं! एवढ्यावर ती बाई घायाळ. घरी येऊन तिनं ट्रंकेतलं इरकल काढलं, इस्त्री केलं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात गेलेली, युनियनचे दिवस पाहिलेले. ते कॉटवरून बघत होते.

"काय गं, कुठं सत्कार आहे?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून आपण चादर बदलतो. म्हणून काय रोज नवी चादर घालतो?"

"एकदा आणलेली चादर घरातच राहते ना पण," मी म्हटलं. मला वाटलं, काय तोडीस तोड बोलले मी! माझा हिशोब सोपा होता. खोली झाली, पाळणा झाला, घोडा झाला. आता फक्त कुणीतरी रेटायला हवं. आणि रेटायला मी होते.

ऑडिटच्या दिवशी पाच-सहा मुलं आली. परभणीवालीची लेक सगळ्यांत लहान. पहिला तासभर ती माझ्या मांडीवर लोळागोळा. मी तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, खिडकीशी नेऊन बसवलं. हळूहळू तिचे डोळे उघडायला लागले. मग एकदम तिनं माझ्या ॲप्रनची नाडी धरली आणि ओढली. नंतर सशाकडं बोट करून काहीतरी बोलली, तिचं तिलाच कळेल असं. चहाच्या सुट्टीत तिची आई दारात येऊन उभी राहिली. लेक रांगत आली आणि आईच्या पायाला धरून उभी राहिली. पोरगी बघतच राहिली. दिवसाढवळ्या जागी असलेली लेक तिनं रविवारखेरीज पाहिली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "उद्या बी आणू का?"

मी म्हटलं, "थांब. बघ मी काय करते ते."

दुपारी ऑडिटच्या मॅडम आल्या. शांत बाई, आवाज मऊ. मागं साहेब, आणखी दोन-तीन जण आणि फोटो काढणारा. मॅडमनी विचारलं, "पाळणाघर रोज चालू असतं का?" याचं उत्तर मला पाठ होतं, "हो मॅडम, रोज, दोन्ही शिफ्टला." पण त्या शहाणीला नुसतं पाठ म्हणायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नाही, खरंही सांगायचं नाही, आणि साहेबाला मात्र बांधून टाकायचं, असा तिचा डाव.

ती म्हणाली, "आजपर्यंत काय झालं ते सोडा मॅडम. उद्यापासून रोज चालू राहणार, असं साहेबांनी सगळ्या बायकांना कबूल केलंय. आणखी मुलं यायची आहेत. हो ना सर?"

साहेबांचा चेहरा क्षणभर लांब झाला, अगदी त्या सशासारखा. मग ते म्हणाले, "हो, हो, नक्कीच."

मॅडम खूश. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या मांडीवर ती पोर, पलीकडं घोडा, मागं ससा, असा फोटो निघाला. मी सुटले. संध्याकाळी बसमध्ये पोरींना सगळं करून दाखवलं, साहेबांचा आवाज काढून. खिडकीच्या काचा हलतील एवढ्या हसलो आम्ही. परभणीवालीला म्हटलं, "उद्यापासून आण गं. त्या मालकिणीला सांग, तुझी बाटली तूच पी."

तिनं खरंच सांगितलं. तसंच, त्याच शब्दांत. मालकिणीच्या दारात उभं राहून. मला वाटलं होतं, ती गंमत म्हणून घेईल. पण वर्षभर गिळलेलं होतं तिनं, तिला फक्त शब्द हवे होते, आणि शब्द मी पुरवले.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन आली. डोक्याला टोपडं, हातात छोटी पिशवी, पिशवीत वरणभाताचा डबा. गेटवर वॉचमननं अडवलं. "मूल आत नाही."

"काल तर नेलं होतं."

"काल ऑडिट होतं, ताई."

मी बसमधून उतरून पुढं धावले. खोलीचं दार उघडं होतं, आणि ट्रॉलीवरून कनेक्टरची खोकी आत चालली होती. पाळणा कुठं नेला कोण जाणे. घोडा स्टोअरवाल्याच्या टेबलाखाली आडवा पडलेला. साहेब आले. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

ते म्हणाले, "मावशी, काल तुम्ही भारी बोललात हां. पण आता मॅडमनी लिहून नेलंय. म्हणजे पुढच्या वेळी त्या बघणार, खरंच चालू आहे का. मूल पडलं, झडलं, तर जबाबदारी कोणाची? मालक म्हणाले, झंझटच नको. पन्नास माणसं असली तरच पाळणाघर लागतं. तुम्ही सगळ्या पुढच्या महिन्यापासून दोन ठेकेदारांकडं. अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. कंपनीच्या नावावर पन्नास उरतच नाहीत."

"आणि आज? ती गेटवर उभी आहे लेकरू घेऊन."

त्यांनी गेटकडं पाहिलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी पाहिलं. "आजच्या दिवस तिचा खाडा लावू नका, असं सांगतो मी ऑफिसात," ते म्हणाले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

शिफ्टची बेल झाली. मी लाइनवर गेले, कारण जायलाच हवं होतं. माझ्या शेजारचा फळा दिवसभर रिकामा. लाइन थांबू नये म्हणून तिच्या खुंट्यांवरच्या वायरीही मीच ओढल्या.

मालकिणीनं परत लेक ठेवून घेतली नाही. बाटलीचं बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं. खोलीही सोडायला सांगितली. नवऱ्याची शिफ्ट बदलून घ्यायचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. पोरगी मधेमधे यायची, मधेमधे नाही, आणि महिना संपून आम्ही ठेकेदारांकडं गेलो तेव्हा दोन्ही ठेकेदारांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी फोन लावला. ती म्हणाली, "गावाकडं चाललोत मावशी. तिथं सासू हाय. पर तिथं काम न्हाई." मग म्हणाली, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही लई चांगलं बोलला व्हता." पुढं तो नंबर बंद झाला.

घरी मी ह्यांना सांगितलं. वाटलं, टोमणा मारतील. त्यांनी उठून चहा टाकला. तेव्हा मला कळलं की हे फारच बिघडलंय.

पुढच्या ऑडिटला दुसऱ्याच मॅडम आल्या. पाळणाघराचं विचारलं तर साहेब म्हणाले, "लागू नाही." मॅडम पुढं सरकल्या. बरोबरच होतं, लागू नव्हतंच. माझ्या फळ्याशी थांबून त्यांनी मला विचारलं, "काही अडचण आहे का?" मागचा दरवाजा उघडा होता, वारा येत होता.

मी म्हटलं, "नाही मॅडम. पाणी छान गार असतं."

एवढ्यात माझ्या पीएफचं काहीतरी अडलं म्हणून मी इतक्या वर्षांनी त्या कंपनीत गेले. सगळं बदललंय, बाहेर काचा, आत एसी, सोफा. ओळखीचं कुणी नाही. साहेब केव्हाच दुसरीकडं गेले. सोफ्यावर बसले आणि समोर भिंतीवर मी. चांगल्या मोठ्या चौकटीत. इरकल, ॲप्रन, कलप केलेले केस, चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. मांडीवर ती. माझ्या ॲप्रनची नाडी तिच्या मुठीत, आणि बघतेय दाराकडं, जिथं चहाच्या सुट्टीत आई दिसली होती. मागं ससा. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, येणाऱ्या पाहुण्यांना वाचता येईल असं.

टेबलामागची मुलगी माझ्याकडं बघत होती, मग फोटोकडं. "अय्या आजी, तुम्हीच ना या? किती गोड! नात का तुमची?"

आता सांगायचं काय? ती बिचारी बावीस-तेवीसची. तिनं विचारलं ते प्रेमानं.

"हो," मी म्हटलं.

"मोठी झाली असेल आता."

"हो तर. शाळेत जाते. फार हुशार आहे," मी म्हटलं. अजिबात न अडखळता, जसं शिकवलं होतं तसं.