सासूबाईंना हरणारी पोरं आधीच दिसायची

भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. पेशाने मेकॅनिकल इंजिनियर, पेनरोजच्या एका कारखान्यात. समोर हडळ येऊन उभी राहिली तरी मी आधी तिचं ड्रॉइंग मागेन. तेव्हा खालचा प्रकार वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही सुरुवातीला हसलोच होतो.

ठिकाण — ऑकलंड, पापाटोएटो, आमची बैठकीची खोली. भर दुपार, लख्ख ऊन. मार्च संपत आलेला, म्हणजे परसात फिजोआच्या हिरव्या फळांचा सडा पडतो ते दिवस.

आधी भानगड समजून घ्या. आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक कोणी बसवायचं यावर माझी आणि मंगेशची दरवर्षी जुंपायची. कमिटी कंटाळली, म्हणाली तुमचं तुम्ही ठरवा. क्रिकेटवर पैज लावली असती तर अख्खं मंडळ सल्ले द्यायला धावलं असतं. मंगेश फार्मसिस्ट, पण शिकला अमेरिकेत. तिथल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचं वेड त्याने इथे आणलं. चौसष्ट संघ, हरला तो बाहेर. स्पर्धा सुरू होण्याआधीच शेवटपर्यंतचे सगळे निकाल तक्त्यात भरायचे. पहिला चेंडू उडाला की तक्त्याला कुलूप! ज्याचे अंदाज जास्त बरोबर, नाटक त्याचं.

आता माझा त्रागा ऐका. मी वर्षभर अभ्यास करतो. कोणाचा गुडघा दुखावलाय, कोणत्या कोचचं कोणाशी पटत नाही, सगळं तोंडपाठ. मंगेश जर्सीचा रंग बघून टिक करतो. आणि जिंकतो! मग तोच तो दारं आपटण्याचा फार्स, आणि शेवटच्या प्रवेशात पोलीस म्हणून मी. एकच वाक्य — "हात वर करा!" माझं स्वतःचं नाटक लिहून कधीचं तयार आहे हो. एकदा तरी ते रंगमंचावर बघायचंय, बास.

यंदा माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. बास्केटला त्या 'जाळी' म्हणतात, यावरून काय ते ओळखा. पहिल्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, म्हणजे लॅपटॉप उघडा आणि डोळे टीव्हीवर. आई, म्हणजे सासूबाईच, शेजारी चमच्याने फिजोआ कोरून खात बसलेल्या. तक्ता भरून झालेला, कुलूप लागलेलं. पुढच्या सामन्याचे खेळाडू मैदानात आले आणि आई म्हणाल्या,

"अगं बाई! एवढा थोरला घोडा आणि असा रडतोय?"

"कोण रडतंय, आई?"

"तो काय, पिवळ्या कपड्यातला. डोक्यावर टॉवेल घेतलाय बघा."

पिवळ्या कपड्यातला तो पोरगा हसत टाळ्या देत होता. सामना सुरूही झाला नव्हता. आणि पिवळे म्हणजे माझ्या तक्त्यातले विजेते, अगदी लोखंडी संघ! ते हरले. शेवटची शिट्टी झाली तसा तो पोरगा बाकावर बसला, डोक्यावर टॉवेल ओढला आणि ढसाढसा रडायला लागला.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या सामन्यालाही तेच. त्याच्या पुढच्याही. खेळाडू आले की आई चुकचुकायच्या, "अरेरे, या हिरव्या पोरांची आई बघत असेल ना..." — हिरवे गारद. माझी लेक इरा म्हणाली, "बाबा, शी इज जस्ट गेसिंग." अगं, मग मी काय करतो वर्षभर?

बरं, उपयोग शून्य! तक्त्याला कुलूप. लॉटरीचे आकडे सोडतीनंतर हातात पडल्यासारखं. एका सामन्याच्या आदल्या दिवशी आईंना संघांचे फोटो दाखवून पाहिले. "छान पोरं आहेत," म्हणाल्या. पोरं मैदानात उतरल्याशिवाय त्यांना काही दिसायचंच नाही.

पण देव होता. आमचे दोघांचेही तक्ते सारखेच चिंधड्या झाले. मंगेश म्हणाला, "सत्या, फायनलवर काढू. विजेत्याचं नाव वैशालीवहिनीला मेसेज करायचं. चेंडू उडेपर्यंत बदलायची मुभा. दोघांचं एकच निघालं तर नाटकही दोघांनी मिळून."

"स्वीट ॲझ," मी म्हणालो, म्हणजे इथलं 'झकास', आणि बाथरूममध्ये जाऊन नाचलो.

फायनलला मंगेश सुट्टी काढून आमच्याकडे. वैशाली, म्हणजे माझी बायको, पंच. माझा अभ्यास सांगत होता लाल, म्हणून मी लालचा मेसेज केला आणि आईंच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलो. लाल आणि निळे मैदानात आले. आई बघतायत...

"आई, कोण रडतंय?"

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"सतीशराव, असं लहान मुलासारखं रडू नये हो."

माझे डोळे ठणठणीत कोरडे! म्हणजे हरणार मी, म्हणजेच लाल! झटकन निळ्यांचा मेसेज केला. "बदललं, आई! आता बघा."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पुसा बरं डोळे."

"बंद!" वैशाली ओरडली. चेंडू उडाला होता.

निळे जवळजवळ शेवटपर्यंत पुढे होते आणि मग हरले. मंगेशने लालच दिले होते. मी बदललं नसतं तर निदान अर्धं नाटक माझं झालं असतं! तरी मी रडलो नाही. मुद्दाम, आईंना खोटं पाडायला. दात आवळून बसलो. मंगेशने सोफ्यावर नाचून घेतलं, मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाला, "सत्या, या वेळी पोलिसाला दोन वाक्यं देतो हं."

आणि मी फुटलो. इरासमोर, भर दुपारी, धाय मोकलून.

आई पुण्याला परतल्यावर न राहवून मी फोनवर विचारलं. "आई, तुम्ही बोललात म्हणून मी बदललं, बदललं म्हणून हरलो, हरलो म्हणून रडलो. तुम्ही बोललाच नसतात तर?"

या साखळीचं पहिलं टोक मला आजतागायत सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर जरूर कळवा. आईंनी मात्र मलाच वेड्यात काढलं.

"असं काय करता, सतीशराव? मी बोलले तेव्हा तुम्ही रडतच होतात. माझा हात ओला झाला होता ना."