कवळी आणि पन्नास किलोमीटर

मीटरबाई धावायला निघाली, की घरातले तिच्याकडे कुरिअरवाल्याकडे बघावं तसे बघायचे.

"त्या बाजूलाच चाललीयस ना?" हा प्रश्न कानावर पडला की तिचं डोकं फिरायचं. अरे, कुठल्या बाजूला? सराव होता तो! दर रविवारी पंचवीस, मग अठ्ठावीस, मग बत्तीस किलोमीटर, तेही चढ शोधून शोधून. पण घरातल्यांचा हिशेब सरळ होता. बाहेर पडलेला माणूस कुठेतरी पोचणारच, आणि पोचणारच आहे तर रिकाम्या हाताने कशाला? नवरा चष्म्याची मोडलेली काडी द्यायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नणंदेला पडद्याचं कापड पोचवायचं असायचं. एकदा सतराव्या किलोमीटरला, छातीचा भाता झालेला असताना बाई नणंदेच्या दारात उभी राहिली, तर नणंद म्हणते, "आत तरी ये. अशी काय घोड्यावर बसून आल्यासारखी करतेस?"

"घोडा असता तर आणखी काय हवं होतं, वन्सं?" म्हणून बाई तशीच मागे वळली.

तिच्या पाठपिशवीत मागच्या बाजूला एक चेनचा कप्पा होता. त्याला ती 'घरचा कप्पा' म्हणायची. बाकी सगळी पिशवी तिची, तो कप्पा त्यांचा.

वीस वर्षं ती पाण्याची मीटरं वाचत होती. रोज दीडशे घरं. लोखंडी झाकण हुकाने उचलायचं, खड्ड्यात वाकून टॉर्च मारायचा, आकडा टिपायचा, आणि कुत्रा अंगावर यायच्या आत फाटक लावून घ्यायचं. पंपघरातला ऑपरेटर डोंगरातली शर्यत दोनदा धावला होता. तो एकदा चेष्टेत म्हणाला, "तुम्ही रोज इतकं चालता, पन्नास किलोमीटर सहज मारून याल." तो बोलून विसरला, हिने मनावर घेतलं. शिवणाचा क्लास अर्धा सोडलेला, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा सोडलेला. त्रेचाळीस वर्षांत निव्वळ स्वतःसाठी म्हणून सुरू केलेली एकही गोष्ट तिने शेवटाला नेली नव्हती. ही न्यायची होती.

तिला सगळ्यात जास्त छळलं ते सासऱ्यांनी. म्हातारा चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. सहाशे नंबर तोंडपाठ. बंद पडून जमाना झालेल्या दुकानाचाही नंबर विचारा, घडाघडा सांगणार. दर रविवारी दारात उभे राहून ते विचारायचे, "जिथून निघायचं तिथेच परत यायचं, तर जायचं कशाला?" आणि वर एखादं काम सांगायचे.

शर्यतीच्या आठवड्यात त्यांची कवळी तडकली. दुरुस्त झालेली कवळी आणायचं काम अर्थातच गुरुवारच्या धावण्याला चिकटलं. बाईने डबी आणली आणि जेवणाच्या टेबलावर, रेडिओशेजारी ठेवली. निदान तिला तरी तसं लख्ख आठवत होतं.

शुक्रवारी सकाळी सासरे म्हणाले, "कवळी कुठाय?"

"टेबलावर ठेवली ना, बाबा. या हातांनी ठेवली."

"तू आणलीच नाहीस."

झालं. घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. फ्रिज बघितला, वॉशिंग मशीन बघितलं, गाद्या उलट्यापालट्या केल्या. नवरा स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "मागच्या महिन्यात नळ चालू ठेवून गेले होते. आता हे. मी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय, डोक्याच्या." त्याचं हळू बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. सासऱ्यांनाही गेलं.

त्या दिवसापासून त्यांनी नंबर सांगणं बंद केलं. दुधात पाव बुडवून खायचे आणि तेच तेच ड्रॉवर पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. शनिवारी बोळक्या तोंडाने म्हणाले, "ठेवली असेल मीच कुठेतरी." आणि रविवारी पहाटे बाई शर्यतीला निघाली तेव्हा म्हणाले, "आज काही काम नाही गं."

बाईला हायसं वाटायला हवं होतं. उलट दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

अडतिसाव्या किलोमीटरच्या चौकीवर ती खुर्चीत बसली ती बसलीच. टाच सोलवटून निघाली होती, पायाचा अंगठा निळा पडला होता. यादी घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "बाई, थांबताय की जाताय? थांबत असाल तर नंबर काढून द्या. गाडी सगळ्यात शेवटी निघेल, वळशाच्या रस्त्याने."

तिने छातीवरच्या नंबराची एक पिन काढलीसुद्धा. संपलं, म्हटलं, हेही अर्धंच. मग टाचेला बांधायला पडद्याच्या कापडाचा तुकडा उरला असेल, म्हणून तिने घरचा कप्पा उघडला. शर्यतीच्या तयारीत तो तिने मुद्दाम उघडलाच नव्हता. आज तरी यांचं काही नको, असं ठरवून.

कापडाच्या तुकड्यात रुतून बसलेली डबी हाताला लागली.

तिने कपाळावर इतक्या जोरात हात मारला की यादीवाला दचकला. "चक्कर येतेय का?"

"नाही. दात सापडले."

त्याने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तेवढ्यात तिने पिन पुन्हा लावली होती.

फोन लावावा तर डोंगरात रेंज नाही. गाडीची वाट बघावी तर संध्याकाळ. आणि तिकडे शर्यतीच्या शेवटाला, घरच्यांबरोबर तिला घ्यायला आलेला, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालेला म्हातारा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला. कुणामुळे? हिच्यामुळे. पुढचे बारा किलोमीटर तिने नवऱ्याला शिव्या दिल्या, नणंदेला दिल्या, पंपघरातल्या ऑपरेटरला दिल्या आणि सगळ्यात जास्त स्वतःला दिल्या. "या हातांनी ठेवली म्हणे! हात तोडायला हवेत!" कापड टाचेला गेल्यामुळे मोकळी झालेली डबी पाठीवर प्रत्येक पावलाला खुळखुळत होती. शेवटच्या उतारावर तिला रडूही येत होतं आणि संतापही.

शर्यतीची ठरलेली वेळ संपायला सहा मिनिटं असताना ती रेषेपार गेली. कुणीतरी पदक गळ्यात घालायला पुढे झालं, त्याला हाताने बाजूला सारून ती थेट खुर्चीपाशी गेली. नवरा होता, नणंद होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काही विसरला नव्हतात. विसरले ती मी. चार दिवस माझ्याच पिशवीत होती. चूक माझी आणि वर खोटं तुम्हाला पाडलं."

सासऱ्यांनी डबी घेतली. पाठ फिरवली, कवळी बसवली, जबडा दोनदा उघडून मिटून बघितला. मग मुलाकडे वळले.

"फोन काढ. दोन सात चार, शून्य नऊ एक. डॉक्टरांचा दवाखाना. सोमवारची वेळ रद्द कर."

"बाबा, आज रविवार आहे. उचलणार नाही कुणी."

"रविवार आहे ते मला माहीत आहे," सासरे म्हणाले. "लाव तू."

नवऱ्याने मुकाट्याने फोन लावला. मीटरबाई तिथेच गवतावर बसली आणि ढसाढसा रडली. बघणाऱ्यांना वाटलं, पन्नास किलोमीटर धावल्यामुळे रडतेय.