आबांना समुद्र दाखवायला निघालो तेव्हा

कंपनीचं शटडाउन लागलं की माझ्या नवऱ्याला घरात बसवत नाही. पहिल्या दिवशी तो बाथरूमचा नळ खोलतो, दुसऱ्या दिवशी मिक्सर, आणि मग निगडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुठलीच वस्तू सुरक्षित राहत नाही. गेल्या मे महिन्यात त्याने काही खोलायच्या आतच मी म्हटलं, "कोकणात जाऊ. आबांनाही नेऊ."

आबा म्हणजे माझे सासरे. महाळुंग्याला चहूबाजूंनी कंपन्यांच्या भिंती उठल्यात, त्यात ते आणि त्यांची म्हैस अजून जुन्या घरात राहतात. आधी शेती केली, नंतर फाउंड्रीत कामाला लागले आणि तिथून दमा घेऊन निवृत्त झाले. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाले, "यीन की. म्हशीचं शेजारी बघतील."

गाडी नवी होती, इलेक्ट्रिक. नवरा सायलेन्सर बनवणाऱ्या कंपनीत, आणि घेतली बिनसायलेन्सरची गाडी. त्याचे मित्र चिडवायचे, "भावा, स्वतःच्याच पोटावर पाय?" तो हसायचा, पण ते त्याला लागायचं हे मला कळायचं.

आदल्या दिवशी आबांना घरी आणलं. सकाळी मी उठले तर ते अंघोळ करून, टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार बसलेले. खाली गेलो तर दुसरंच. सोसायटीच्या पार्किंगमधलं चार्जिंग रात्रीत कधीतरी ट्रिप झालं होतं आणि बॅटरी जेमतेम निम्मी भरली होती.

"माणगावला चार्जर आहे," नवरा म्हणाला. "तिथपर्यंत जाते आरामात."

'आरामात' म्हणताना त्याचा आवाज आरामाचा नव्हता. गाडी मी चालवायला घेतली, कारण त्याला स्क्रीनवरून नजर हलवायची नव्हती. हिंजवडीच्या गर्दीत बॅटरीचा आकडा उतरला तसा तो चुळबुळायला लागला. "हळू घे. ब्रेक कमी मार. एवढा एसी कशाला?" पौड सोडल्यावर त्याने एसी बंदच केला आणि चारही काचा खाली घेतल्या. मागे बसलेली लेक वैतागली. "पप्पा, आपण फिरायला चाललोय का बॅटरी वाचवायला?" मुळशी धरणाचं पाणी दिसलं तेव्हा आबा म्हणाले, "ह्यो न्हाई ना समुद्र?"

ताम्हिणी घाटात रस्त्याचं काम चालू होतं. समोर खडीचे डंपर, वर धुळीचा लोट, आणि तो सगळा आमच्या उघड्या काचांतून आत. मी काचा वर घेईपर्यंत सगळ्यांच्या तोंडात माती आली होती. थोड्या वेळाने लेक हळूच म्हणाली, "मम्मी, आबांची छाती वाजतेय."

आरशात पाहिलं. आबांनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. पुढच्या वळणावर, एका टपरीजवळ गाडी बाजूला घेतली. दम्याचा पंप मारला, उतार पडेना. वाफ घ्यायचं मशीन बॅगेत होतं, पण ते चालायला वीज हवी. टपरीवाली बाई म्हणाली, "लाइट सकाळपासूनच गेलीय ताई."

नवरा मशीन हातात धरून उभा होता. मग एकदम डिकीकडे धावला. "गाडीलाच लावू!"

चार्जिंगच्या तोंडाला लावून बॅटरीतून उलट वीज घ्यायचं सॉकेट गाडीबरोबर मिळालं होतं. बॅगांना जागा होत नव्हती म्हणून मी ते घरी ठेवू म्हणत होते, त्याने ऐकलं नव्हतं. आता त्याने तेच काढून लावलं. हिरवा दिवा लागला, मशीन घरघरलं, आणि लेकीने आबांच्या तोंडावर मास्क धरला.

"चार्ज पुरेल?" मी विचारलं.

"खड्ड्यात गेला चार्ज," तो म्हणाला.

औषध संपेपर्यंत आम्ही कोणीच धड उभे राहिलो नाही. तो गाडीभोवती फेऱ्या मारत होता, मी फोनला रेंज शोधत होते. हळूहळू आबांचे खांदे खाली आले. मास्क बाजूला करून ते म्हणाले, "काय बघताय समदी? जत्रा हाय का?"

"आबा, मागे फिरू. पौडला डॉक्टरला दाखवू," नवरा म्हणाला.

"न्हाई."

"अहो, पण श्वास..."

"माझा हाय ना श्वास? खाली डॉक्टर न्हाईत का? चल तिकडं." मग जरा दम घेऊन म्हणाले, "तुला घरीबी बसवत न्हाई आन् बाहेरबी करमत न्हाई. लहानपणापास्नं असाच हायेस."

निघताना नवऱ्याने स्वतःच काचा लावल्या आणि एसी सुरू केला. घाट उतरताना ब्रेकनेच बॅटरी थोडी भरत गेली, हे लेकीने सांगितलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मागे बापाकडे बघत होता.

माणगावला डॉक्टरांनी आबांना तपासून इंजेक्शन दिलं, तासभर बसवून ठेवलं आणि धुळीपासून जपायला सांगून सोडलं. तेवढ्या वेळात गाडीही चार्ज झाली. ऊन उतरताना आम्ही दिवेआगरला पोहोचलो.

आबा पाण्यापासून जरा लांबच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याचा आवाज थांबत न्हाई का?"

"नाही आबा."

"कंपनीवानी. तिन्ही शिफ्टा." आणि लगेच, "म्हशीला पाणी दावलं असंल का रं?"

नवऱ्याने शेजाऱ्याला फोन लावून दिला. म्हैस ठीक होती. तेवढ्याने आबांचं समाधान झालं नाही, पण ते चालायला लागले. मशीनची बॅग खांद्याला लावून नवरा त्यांच्या बरोबरीने. पाणी वर येतंय की मागे हटतंय, यावरून दोघांची जुंपली होती. लेक पुढे पळत होती. मी वाळूवर चटई अंथरून बसले खरी, पण कान आबांच्या छातीकडेच लागले होते. लाटांत काही ऐकू येईना. शेवटी चटई गुंडाळली आणि त्यांच्या मागे निघाले.